क्रोशा : सही नसलेल्या हातांचा इतिहास

आपल्या सोसायटीतल्या सगळ्या विंगांमधून फिरून पाहिले, तर क्रोशाचे एकही काम नाही असे घर क्वचितच सापडेल. कुठे देवघरातल्या चौरंगावरचा रुमाल, कुठे दारावरचे तोरण, कुठे तांब्याभांड्यावर टाकायची मणी लावलेली जाळी. आणि यातले काहीच नसले, तरी कपाटाच्या वरच्या खणात जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेले एखादे टोपडे असतेच. "हे कोणी केलं?" असे विचारा. "सासूबाईंनी", "मोठ्या मावशीनं", "आईची एक मैत्रीण होती, तिनं", अशी उत्तरे येतात. एक पिढी मागे गेलो की नाव जाते आणि नाते उरते. दोन पिढ्या मागे गेलो की नातेही जाते, आणि उरतो तो नुसता रुमाल.

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत इमारतीचा, पाण्याच्या टाकीचा, लिफ्टचा आणि कार्यकारिणीचा इतिहास येणारच, आणि तो यायलाच हवा. मी या रुमालाचा इतिहास लिहायचे ठरवले. माणसाला रोज जे वाटते, म्हणजे काळजी, हौस, वाट पाहणे, कुणाची आठवण, ते बोलून दाखवायची सोय आपल्या घरांत फारशी नव्हती. बायकांनी ते दोऱ्यात घातले. आणि एकटीने नाही, चारचौघी मिळून. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. तिची सुरुवात पार युरोपात आहे.

आकडा, दोरा आणि एकच फास

'क्रोशा' हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ छोटा आकडा. सुईच्या टोकाला असलेला तो आकडा हेच सगळे भांडवल. दोऱ्याचा एक फास करायचा, त्यातून दुसरा ओढून घ्यायचा, की झाली साखळी. साखळीवर मुके खांब, खांब, जाळी, फूल, पान असे पुढे रचत जायचे. दोन सुयांवरच्या विणकामात सुईवर शंभर-शंभर टाके एकदम जिवंत असतात. एक निसटला की खाली ओळीच्या ओळी उसवत जातात. क्रोशात मात्र बहुतेक कामात एका वेळी एकच फास उघडा असतो. दूध उतू जायला आले, मूल रडले, दाराची बेल वाजली, तर तेवढा एक फास जरा सैल ओढून ठेवायचा आणि उठायचे. अर्ध्या तासाने परत येऊन तिथूनच पुढे सुरू.

मला वाटते, हे काम बायकांच्या हाती एवढे का रुळले, याचे निम्मे उत्तर इथेच आहे. ज्यांना सलग दोन तास स्वतःचे म्हणून कधी मिळाले नाहीत, त्यांच्यासाठी जणू ही कला बनली. शिवाय हात सरावला की डोळे आणि तोंड मोकळे राहतात. म्हणजे गप्पा मारता येतात! शिकायचे तर शेजारी बसून, हाताला हात लावूनच. डावखुऱ्या मुलीला समोर बसवतात, म्हणजे आरशात पाहिल्यासारखे तिला ते उमगते.

आणखी एक गोष्ट जाणत्या बायका सांगतात. प्रत्येकीचा 'हात' वेगळा असतो, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. एकाच बाईचा हातही मनाप्रमाणे बदलतो. चिंतेत असताना टाके आवळले जातात, निवांत असताना सुटे पडतात. एकाच रुमालात मधल्या चार ओळी आखडलेल्या दिसल्या, तर ते दिवस बरे नव्हते, असे ओळखणाऱ्या बायका असतात. पत्र फाडून टाकता येते, पण ही ओळ रुमालात तशीच राहते.

आणि हेही लक्षात घ्या, की दोन सुयांचे विणकाम करणारी यंत्रे कधीच आली, पण हाताच्या क्रोशासारखाच टाका घालून कापड करणारे यंत्र कारखान्यांत आजही चालत नाही. क्रोशासारखे दिसणारे कापड यंत्रावर होते, ती जात वेगळी. म्हणजे मॉलमध्ये शे-दोनशे रुपयांना मिळणारी क्रोशाची पिशवी असो की आजीचा रुमाल असो, त्यामागे कुठेतरी कुणाचे तरी दोन हात असतातच.

उपासमारीतून निघालेली लेस

क्रोशा फार प्राचीन असावा असे आपल्याला वाटते, पण छापील पुरावा एकोणिसाव्या शतकाच्या आधीचा मिळत नाही. 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात १८२३ मध्ये क्रोशाचे नमुने छापले गेले. सर्वांत जुन्या छापील नमुन्यांत त्यांची गणना होते. त्याच्या आधी युरोपात गोल चौकटीवर कापड ताणून, आकड्याच्या सुईने भरतकाम करण्याची फॅशन होती. ही पद्धत पूर्वेकडून तिकडे गेली. आपल्याकडच्या आरीच्या कामाची ती नातलग. पुढे कुणीतरी खालचे कापडच काढून टाकले आणि नुसत्या दोऱ्याचे काम उरले, तोच क्रोशा, असे एक मत आहे.

परंतु क्रोशाला खरा इतिहास मिळाला तो आयर्लंडमध्ये, आणि तोही फार दुःखाचा. १८४५ साली तिथल्या बटाट्याच्या पिकावर करपा पडला. गरिबांचे जेवण म्हणजे बटाटाच. पुढची काही वर्षे पीक पुन्हा पुन्हा गेले. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगाने मेली, आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. अशा वेळी कॉर्क परिसरातल्या जोगिणींनी मठांच्या शाळांत मुलींना क्रोशा शिकवायला सुरुवात केली. उत्तरेकडे मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी कॅसॅन्ड्रा हँड नावाची धर्मगुरूची पत्नी होती. तिने १८४७ मध्ये किल्डेअरहून शिक्षिका मागवली आणि गावातल्या बायकांना हे काम दिले.

क्रोशाच का? त्या काळी युरोपच्या श्रीमंत घरांत व्हेनिसच्या सुईच्या लेसला फार मान होता, पण ती करायला अतोनात वेळ लागे. तशीच उठावदार नक्षी क्रोशाने कितीतरी लवकर होते, हे या बायकांनी दाखवून दिले. लागायचे काय? एक आकडा आणि दोरा. आकडा नसला तर तारेचे टोक वाकवून लाकडाच्या मुठीत बसवायचे.

त्यांची कामाची पद्धत मला फार बोलकी वाटते. अख्खी कॉलर किंवा अख्खा झगा एकीने करायचा नाही. एकीने गुलाब करायचे, दुसरीने द्राक्षाची पाने, तिसरीने आयर्लंडचे ते तीन पानांचे शॅमरॉक. जाड दोरा आत धरून त्यावर टाके घालायचे, म्हणजे फूल उठून दिसते. मग एखादी अनुभवी बाई ती सगळी फुले कापडावर मांडणार आणि मधली जागा जाळीने भरून सांधणार. क्लोन्सच्या जाळीत मध्ये मध्ये छोटी गोल गाठ असते, ती 'क्लोन्सची गाठ' म्हणूनच जगभर ओळखली जाते. काही घराण्यांची फुले ठरलेली असत आणि ती सहसा दुसऱ्याला दाखवत नसत. झोपड्यांत सरपणाचा धूर असे, त्यामुळे काम काळवंडून जाई. विकायला नेण्याआधी ते धुऊन पांढरेशुभ्र करावे लागे.

विचार करा. घरात खायला नाही, कुणाचा भाऊ जहाजाने अमेरिकेला गेलेला, त्याचा पत्ता नाही, आणि हात करतायत काय, तर गुलाब! बाजारात मागणी त्याचीच होती, हे खरेच. तरीही रानातले नेचे, काटेरी फुले, वेली त्या नक्षीत आल्या, त्या बांधावर दिसत होत्या म्हणून आल्या. भुकेच्या वर्षांत त्या बायकांनी स्वतःच्या गावाचे जे चांगले होते, ते दोऱ्यात धरून ठेवले. त्याच कामाच्या पैशावर कित्येक घरे तगली, कित्येकींनी बोटीचे तिकीट काढले. त्या कॉलरी आज मोठमोठ्या संग्रहालयांत काचेआड आहेत. खाली लिहिलेले असते, 'आयरिश क्रोशा, एकोणिसावे शतक'. बाईचे नाव नसते.

राणीच्या आठ मफलरी

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवतो. आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा ज्यांचे राज्य होते, त्या व्हिक्टोरिया राणी स्वतः क्रोशा करत. १९०० साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू होते. राणीचे वय तेव्हा ८०. त्यांनी खाकी लोकरीच्या मफलरी स्वतःच्या हाताने क्रोशाने विणल्या, त्यावर आपली मुद्राक्षरे भरली आणि आघाडीवरच्या सैनिकांसाठी पाठवल्या. एकूण आठ : चार ब्रिटिश सैनिकांना आणि चार वसाहतींमधल्या तुकड्यांतल्या, म्हणजे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका इथल्या सैनिकांना. पुढच्या जानेवारीत राणी वारल्या.

एका म्हाताऱ्या बाईने दूर लढणाऱ्या मुलांसाठी काहीतरी ऊबदार विणावे, यात माया आहे, नाही असे नाही. पण पाहा, त्या आठ मफलरी कुणाकुणाला मिळाल्या त्यांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. विणणारीचे नाव तर अर्थातच आहे. तोच आकडा आणि तोच टाका. फरक नोंदीत आहे.

त्र्यंबकेश्वराच्या नदीकाठी

क्रोशा हिंदुस्थानात आला तो मुख्यतः मिशनरी बायकांबरोबर आणि गोव्यात पोर्तुगीजांच्या वळणाने. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत वेदीवरच्या कापडाला क्रोशाची किनार आजही दिसते. पण या कामाचे सर्वांत मोठे केंद्र झाले ते आंध्रातले नरसापूर. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला भेटते, त्या भागात, तिच्या वसिष्ठ नावाच्या फाट्यावर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्कॉटलंडच्या एका मिशनरी जोडप्याने तिथल्या गरीब बायकांना लेस करायला शिकवले. पुढे ते आसपासच्या गावांत घरोघर पसरले आणि माल परदेशी जाऊ लागला.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला. त्यांचे 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक १९८२ मध्ये आले. त्यात दिसते ते असे : या कामात एक लाखाहून अधिक बायका होत्या. घरकाम उरकून रोज सहा-आठ तास त्या क्रोशा करत. कुणी नुसती फुले करी, कुणी ती जोडी, अगदी आयर्लंडसारखेच. दलाल आणि निर्यातदार मात्र बहुतेक पुरुष. मजुरी नगावर, आणि ती शेतमजुरीच्या किमान दरापेक्षाही कितीतरी कमी. असे का? तर या 'गृहिणी' आहेत आणि फावल्या वेळात विरंगुळा म्हणून हे करतात, असे सगळ्यांनी धरून चालले होते. सरकारी मोजणीतही कामकरी म्हणून त्यांची नोंद जवळजवळ नव्हती. मी आयुष्यभर बँकेत खतावण्या पाहिल्या. जे नोंदीत नाही ते घडलेच नाही, असे मानायची सवय कागदाला कशी लागते, हे मला चांगले ठाऊक आहे.

गुंतागुंत अशी, की या बायकांपैकी अनेकींना त्या कामाचा अभिमानही होता. आपण उन्हात शेतावर जात नाही, घरात बसून नाजूक काम करतो, ही प्रतिष्ठा त्यांना हवी होती. उन्हात जाणारीला चार पैसे जास्त मिळत, ते वेगळेच! म्हणजे क्रोशातली भावना नेहमी प्रेमाचीच असते असे नाही. त्यात मान असतो, नाइलाज असतो, कोंडलेपण असते. रुमाल पाहून नुसते "किती सुंदर!" म्हणणे पुरेसे होत नाही, ते यासाठी. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव अखेर कागदावर आले, ही चांगलीच गोष्ट आहे.

आपल्या दुपारी

आपल्याकडे महाराष्ट्रात क्रोशा निर्यातीसाठी फारसा झाला नाही, तो घरासाठी झाला. मुलींच्या शाळांत शिवण-विणकामाचा तास आला, पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी (स्थापना १९०९) बायकांना हस्तकलेचे शिक्षण दिले, आणि ही सुई पांढरपेशा घरांत शिरली. पण खरी शाळा चाळीच्या गॅलरीत भरे. जेवणे आटोपली, भांडी झाली, की दोन ते चार. कुणाकडे अँकरच्या दोऱ्याची गुंडी, कुणाकडे नवा नमुना. वहीत लिहिण्याऐवजी नमुन्याचा चार बोटांचा तुकडाच करून एकमेकींना द्यायचा. तो तुकडा एका चाळीतून दुसऱ्या चाळीत आणि लग्न झालेल्या मुलीबरोबर एका गावातून दुसऱ्या गावात जाई.

आणि मग रुखवत! मांडवात मांडलेले ते टेबलक्लॉथ, रुमाल, तोरणे पाहून वऱ्हाडी म्हणायचे, "मुलगी हुशार आहे हो!" खरे तर त्यातले निम्मे काम मुलीच्या मैत्रिणींनी, काकूने आणि शेजारणींनी रात्री जागून केलेले असे. तू इथून चाललीस, आम्ही तुझ्याबरोबर आहोत, हे वाक्य मोठ्याने म्हणण्याची आपल्यात पद्धत नव्हती. ते त्या टेबलक्लॉथमध्ये असे. बारशाचे टोपडे, परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत तळाशी सरकवलेले टेबलमॅट, नवा टीव्ही आला तेव्हा त्यावर घातलेला रुमाल : हौस, काळजी आणि अभिमान व्यक्त करायची ही आपली भाषा होती. पुढची पिढी त्या टीव्हीवरच्या रुमालाला हसली. हसायला हरकत नाही, पण तो वाचताही यायला हवा.

नावे लिहिणारे आजचे लोक

गेल्या काही वर्षांत जगात या कलेला पुन्हा बहर आला आहे. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर २०१३ मध्ये एक उपक्रम सुरू झाला. नेल्सन मंडेलांनी ६७ वर्षे लोकांसाठी वेचली, म्हणून त्यांच्या जन्मदिनापर्यंत गरजूंसाठी ६७ पांघरुणे करायची. एकीला जमेना, तिने मदत मागितली आणि हजारो लोक पुढे आले. तुरुंगातल्या कैद्यांनीही सुया हाती घेतल्या.

दुसरे उदाहरण प्रवाळाचे. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये क्रोशाने एक वक्र भौमितिक पृष्ठ करून दाखवले. दर ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत गेले की कापडाला झालरीसारख्या लाटा येतात. प्रवाळ अगदी तसेच दिसते. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या जुळ्या बहिणींनी २००५ पासून ही युक्ती घेऊन क्रोशाचे प्रवाळ-बेट करायला सुरुवात केली. समुद्र तापतो आहे, प्रवाळ पांढरे पडून मरते आहे, याचे दुःख सांगण्यासाठी. पुढे शहरोशहरी लोकांनी आपापली बेटे केली. जर्मनीतल्या बाडेन-बाडेनच्या बेटासाठी सुमारे ४,००० लोकांनी प्रवाळाचे नमुने पाठवले. आणि मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की अशा बेटांबरोबर काम करणाऱ्यांची नावेही दिली जातात. आयर्लंडच्या बायकांना जे मिळाले नाही, ते इथे शेवटी कुणाला तरी सुचले.

आपले तोरण

आता आपल्या घरचे. गणेशोत्सवात हॉलच्या दारावर आपण जे क्रोशाचे मोठे तोरण लावतो, ते २०२० च्या टाळेबंदीत झाले. त्या वर्षी मंडप नव्हता, एकत्र आरती नव्हती. महिला मंडळाने ठरवले, की प्रत्येकीने घरी बसून फुले करायची आणि पिशवीत घालून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायची. दोऱ्याच्या गुंड्याही तिथूनच न्यायच्या. सगळी फुले जमली तेव्हा दोघी-तिघींनी ती मांडली आणि जाळीने सांधली. त्यांच्यापैकी कुणाला क्लोन्स गाव माहीत नव्हते, पण काम अगदी त्याच पद्धतीने झाले. वेगवेगळ्या घरांत, दारे बंद असताना, काळजीच्या दिवसांत केलेली फुले एकत्र आली.

ते तोरण नीट पाहिलेत तर काही फुले घट्ट आहेत, काही सैल, काहींच्या पाकळ्या पाच, काहींच्या सहा. आजही मंडळातल्या जाणत्या बायका बोट ठेवून सांगतात, "हे अमकीचं, हात बघ ना तिचा." त्या फुलांतली काही जिने केली, त्या बी विंगमधल्या आजी पुढच्याच वर्षी गेल्या. काही कुटुंबे फ्लॅट विकून दुसरीकडे गेली. कोणते फूल कुणाचे, हे आज सांगू शकतील अशा बायका फार तर पाच-सहा आहेत. आणखी पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सव होईल तेव्हा तोरण असेल, पण हे सांगणारे कुणी नसेल.

म्हणून कार्यकारिणीला एक साधी विनंती आहे. हे वर्ष संपायच्या आत त्या पाच-सहा जणींना एक दुपार एकत्र बसवावे, तोरण मध्ये पसरावे आणि फुलांचा क्रम घालून नावे लिहून घ्यावीत. एक प्रत सोसायटीच्या दप्तरात ठेवावी, दुसरी मांजरपाटाच्या पट्टीवर टाके घालून तोरणाच्या मागच्या बाजूला शिवावी. खर्च फार तर पन्नास रुपये. आणि हा अंक मिटल्यावर प्रत्येक घरात आपापल्या कपाटातला रुमाल काढून, तो कुणी केला आणि कुणासाठी केला, एवढी चिठ्ठी त्याच्या घडीत ठेवावी. सांगणारे माणूस घरात आहे तोवरच हे होण्यासारखे आहे.